पाच नंबरची पाहुणी

सख्ख्या भाच्या दोनच, पण "मावशी, मावशी" करत मागे लागणारे शेकडो, असा त्या बाईचा संसार. राहत्या घरातच गेस्ट हाउस. खाली स्वतः, वर पाहुणे. नवरा बुकिंग बघायचा, बाकी चादरी, गळके नळ, चहा, रुसवेफुगवे, सगळं मावशीच्या गळ्यात. पाहुण्याला खोदून काही विचारायचं नाही, हा तिचा नियम. विचारायची गरजही नसे म्हणा! बॅगेवरून तिला माणूस कळे. दोन रात्रींचा पाहुणा कपडे बॅगेतूनच उपसतो, मुक्काम लांबणार असेल तरच कपाट उघडतो.

ऐन सुट्टीच्या गर्दीत धाकटी लेक एकटीच दारात उभी राहिली. "रजा होती, म्हटलं चार दिवस यावं." लग्नानंतर तिच्या खोलीची केव्हाच पाच नंबर झाली होती. नशिबानं तीच तेवढी रिकामी होती, तीच तिला दिली.

दुसऱ्या दिवशी मावशी चादर बदलायला वर गेली. लेक अंघोळीला गेलेली. कपाट अर्धवट उघडं दिसलं म्हणून लावायला गेली आणि हात तिथंच थांबला. खालच्या कप्प्यात स्वेटर. एक नाही, होते नव्हते तेवढे सगळे, नीट घड्या घालून. बाहेर उन्हानं अंगाची लाही होतेय आणि ही बया हिवाळ्याचे कपडे घेऊन आलीय! चादर तशीच काखेत धरून मावशी खाली उतरली.

आता पोटच्या पोरीला विचारायची कसली चोरी? पण विचारलं आणि तिनं सांगितलं, तर? त्या "तर"च्या पुढे मावशीला काही सुचेना. जावयाचा फोन नाही. "सगळं बरं ना गं?" म्हटलं की "बरंय की" म्हणून लेक उठे आणि घासलेलीच भांडी परत घासायला घेई. मावशीचा जीव टांगणीला लागला. तीन नंबरला चहा दोनदा गेला, सहा नंबरला गेलाच नाही. "मावशी, लक्ष कुठंय आज?" म्हणून ते लोक हसले. तीही हसली. करते काय, कपाळ?

नवऱ्याला सांगावं, तर त्या माणसाला जगात दोनच गोष्टी कळतात, येणारे आणि जाणारे. संध्याकाळी लेक जिना उतरत होती. सगळ्या पाहुण्यांशी बोलतो त्याच गोड आवाजात तो तिला म्हणाला, "बाळा, शनिवारी पाच नंबर लागणार आहे हं. कधी निघतेस?" जळली ती जीभ! मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या, सवयीनं बोलून गेला.

लेक पायरीवरच थांबली. मग म्हणाली, "उद्याच निघते, बाबा."

मावशीनं ओट्याशी उभं राहून सगळं ऐकलं. तेव्हाच पुढे होऊन विचारायला हवं होतं, कुठं निघतेस म्हणून. नाही विचारलं. जातेय म्हणजे ठीकच असेल, असं स्वतःला सांगत तिनं कांदा चिरायला घेतला. स्वतःची समजूत घालण्यात आयांचा हात कोण धरणार!

सकाळी बॅग दाराशी आली. लेक वाकून सँडलचा पट्टा लावत होती, पण पट्टा काही लागत नव्हता.

"जाते गं आई."

"जाते काय म्हणतेस? येते म्हणावं," मावशीनं नेहमीसारखं दटावलं.

लेकीनं मान वर केली. डोळे काठोकाठ भरलेले.

"येऊ?"

जावई, नातेवाईक, चार लोकांची चार तोंडं, सगळे एकदम मावशीच्या डोळ्यांपुढे आले. ती घाबरली, चांगलीच घाबरली. पण बॅग तोवर तिनं उचलली होती.

"काढ ती सँडल," ती लेकीला म्हणाली. मग आत वळून ओरडली, "अहो, शनिवारच्या लोकांना फोन करा. पाच नंबर मिळणार नाही म्हणावं."

"अगं, पण कारण काय सांगू?"

"घरचं माणूस आलंय म्हणून सांगा."