दाजींचं रक्तदात्यांचं पान

जगातली निम्मी काळजी आमच्या दाजींनी एकट्यानं डोक्यावर घेतली आहे, म्हणूनच बाकीचे लोक निवांत जेवू शकतात, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कवठे येमाईचे. सगळी नोकरी आरोग्यसेवक म्हणून झाली. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकून घरी आले, की ‘जास्त तर पडली नसंल?’ म्हणून पुन्हा त्याच विहिरीवर जायचे आणि पहिला तांब्या स्वतः पिऊन बघायचे. शिरूरची एसटी नक्की शिरूरलाच जाते ना, हे ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीतला एखादा प्रवासी अशा तिघांना वेगवेगळं विचारायचे. तिघांचं उत्तर जुळलं, तरच पाय पायरीवर.

या दाजींकडे एक जाडजूड डायरी होती. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या रक्तदात्यांची नावं, गावं, रक्तगट, सगळं तिच्यात. कुणाला रक्त लागलं की दाजींना फोन यायचा. निवृत्तीनंतर एकदा त्यांचा फोन दिवसभर बिघडला आणि त्यांच्या मनानं घेतलं, की नेमका तेव्हाच कुणीतरी आपल्याला शोधत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिरूरला माझ्या दारात हजर. “पावणं, ही यादी इंटरनेटवर पायजे. मी असंन, नसंन, लोकांला दिसली पायजे.” वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या क्लासात त्यांनी नाव घातलं, आणि एकट्याला भीती वाटते म्हणून माझंही.

क्लासात आम्ही दोघं आणि विशीतल्या सात मुली. शिकवणाऱ्या मॅडमही पंचविशीच्या आतल्या. दाजी प्रत्येक ओळ आधी वहीत पेनानं लिहायचे, मग एका बोटानं टाइप करायचे, मग वहीशी ताडून पाहायचे. उघडलेली प्रत्येक खूण, म्हणजे टॅग, बंद करायची असते, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी एकदा मथळ्यातली अक्षरं ठळक करायची खूण बंद करायची राहिली आणि खालचं सगळं पान ठळक झालं. दाजी घाबरून उभेच राहिले. “पोरींनो, तुमचंबी जाड झालं का गं?” सात मुली टेबलावर डोकी टेकून हसल्या. पुढं पान तयार झाल्यावर त्याचा पत्ता त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. एकाचंही उत्तर येईना. मग प्रत्येकाला फोन, “काय चुकलं का माझं?” तो पत्ता क्लासातल्या त्यांच्या कॉम्प्युटरपुरताच होता, हे मॅडमनी समजावल्यावर जीव भांड्यात पडला. शेवटी प्रत्येक दात्याची दोन-दोनदा परवानगी घेऊन पान खरोखर इंटरनेटवर चढलं.

आठवडाभरात, क्लासातच बसलो असताना दौंडहून फोन आला. एका माणसाच्या बहिणीला बाळंतपणात ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं, दाजींच्या पानावर केडगावचा दाता सापडला आणि तो दौंडला निघालाही होता. माणूस आभार मानत होता आणि दाजींचा चेहरा उतरत चालला होता. फोन ठेवून म्हणाले, “पावणं, म्या निगेटिव्ह बघूनच टाकलं व्हतं का?” डायरी कवठ्याला. माझ्या बहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली, “तुमचं अक्षर तुमालाच लागत न्हाई, मला काय लागतंय!” मी म्हटलं, दाजी, तिथं तपासतातच की. पण ते क्लासाचा जिना उतरलेसुद्धा. न्हावरा, चौफुला करत मोटारसायकलवरून दौंड गाठेपर्यंत “दमानं चालवा” आणि “बिगी बिगी चला” ही दोन वाक्यं ते एका श्वासात बोलत होते. मागून धरलेला माझा खांदा त्यांनी एकदाही सोडला नाही. मग मला हसू येईना.

रक्तपेढीतला माणूस म्हणाला, “काका, तपासल्याबिगर पिशवी हलत नाही इथनं. निगेटिव्हच हाय.”

“आजून एकदा बघता का?” दाजी म्हणाले. त्यानं रिपोर्टच पुढं धरला. ते पायरीवर बसले आणि दोन तास उठले नाहीत. बाईचा भाऊ पेढे घेऊन आला, बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणाला. मुलगा का मुलगी, हे दाजींनी विचारलंच नाही. विचारलं, “बाळाचा गट कोंचा?”

त्यानंतर दाजी जरा धीट झाले. नवी नावं स्वतः चढवायचे, चुकलेली ओळ न विचारता पुसायचे. मागच्या उन्हाळ्यात एकदा मात्र माझ्याकडे येऊन बसले. यवतचे एक मास्तर, दाजींचे शाळेपासूनचे दोस्त, आदल्या दिवशी गेले होते. यादीत त्यांचं नाव होतं, आणि कुणी अडचणीत त्या नंबरावर फोन केला तर वेळ फुकट जाईल, ही काळजी दाजींना घरी बसू देत नव्हती.

“तुम्हांला येतं की पुसता,” मी म्हटलं.

“येतंय. पर तुमीच पुसा.”

मी ती ओळ पुसली. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली, मधे जागासुद्धा उरली नाही. दाजींनी पडद्याला बोट लावून वरचं आणि खालचं नाव वाचून पाहिलं.

“एवढंच?” म्हणाले.

मी म्हटलं, “एवढंच, दाजी.”