ऑर्लीनचं बिनशेंगदाण्याचं मशीन

ऑर्लीन टब्ज चौथ्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हाच मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण माझा स्वभावच तसा. तोंडानं फटकळ, आणि कुणी दोनदा 'मिस्टर मॅब्री' म्हटलं की विरघळलोच.

मेम्फिसच्या दक्षिण भागात माझी लाँड्री आहे. लोक नाणी टाकून कपडे धुतात, वाळवतात आणि तेवढ्या वेळात त्यांची पोरं माझं डोकं खातात. पोरांना गप्प करायला दाराशी गोळ्यांची तीन मशिनं होती. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खाली ओंजळ धरायची. ती मशिनं आमच्या चर्चमधल्या ब्रदर पर्नेलची, माझ्याकडे वीस वर्षांपासूनची. आमच्या भागात न्हावी असो, टायरवाला असो की चिकनचं दुकान, जिथे माणसाला पाच मिनिटं ताटकळावं लागतं तिथे पर्नेलचं नाहीतर आणखी कुणाचं तरी लाल मशीन उभं असायचंच. या गर्दीत अठ्ठावन्नाव्या वर्षी ऑर्लीनबाईंना गोळ्यांचा धंदा करायचा होता.

"इथे आधीच तीन आहेत, मिस ऑर्लीन," मी म्हणालो. "पोरांचे दात किडून झाले, आता हिरड्या किडवायच्यात का?"

"त्या तिन्हींत काय आहे ते बघितलंत कधी? एकात खारे शेंगदाणे, दुसऱ्यात चॉकलेटचे शेंगदाणे, तिसऱ्यात दोन्हींची भेळ. ज्या पोरांना शेंगदाणा चालत नाही त्यांनी काय करायचं? तुमचे ड्रायर बघत बसायचं?"

हे तिला सुचलं ते उगाच नाही. सत्तावीस वर्षं ती शाळेच्या जेवणघरात वाढपी होती. शेंगदाणा न चालणाऱ्या मुलांचं तिथे वेगळं टेबल असतं. त्या टेबलाचं फडकंसुद्धा ती वेगळं ठेवायची आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावला तर त्याची सालटी काढायची. गुडघे गेले म्हणून नोकरी सोडली, पण घरात बसणं तिच्या रक्तात नव्हतं. "जन्मभर दुसऱ्याच्या डावानं वाढलं," म्हणायची, "आता माझं स्वतःचं काहीतरी असू दे."

मी कोपरा दिला. तिनं नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्याकडून बारा जुनी मशिनं घेतली होती. त्यांना पिवळा रंग दिला आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'यात शेंगदाणा नाही. आयांनो, निर्धास्त राहा.' आत फळांच्या चवीच्या रंगीत गोळ्या.

पर्नेल शनिवारी त्याची मशिनं भरायला आला तेव्हा ते पिवळं मशीन बघून थबकला. खाली वाकला, बोटानं टिचकी मारली. ऑर्लीन शेजारीच उभी होती.

"हे पलीकडच्या म्हाताऱ्याचं ना? हे शेंगदाण्याचं मशीन आहे, मिस ऑर्लीन. ज्यात एकदा शेंगदाणा भरला त्यात आम्ही पुन्हा दुसरं काही भरत नाही. रीतच आहे आमची."

"धुतलंय मी. उकळत्या पाण्यानं."

"काच धुतली असेल. खालची गोळ्या सोडणारी चकती?"

"ब्रदर पर्नेल, तुम्ही तुमच्या चकत्या सांभाळा."

मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, पर्नेलच्या पोटात दुखतंय. तिलाही तेच वाटलं. खरी गोष्ट तिनं मला नंतर सांगितली. पहिल्या मशीनची चकती तिनं उघडली तेव्हा आतली स्प्रिंग उडून फ्रिजमागे गेली आणि ती परत बसवण्यात अख्खा दिवस गेला. उरलेली अकरा तिनं चकती न उघडता वरवरच धुतली. सत्तावीस वर्षं फडकं वेगळं ठेवणारी बाई, पण तिला टेबलं ठाऊक होती, मशिनं नव्हती.

पाटीनं मात्र काम केलं. आया मुद्दाम वाचायच्या, हसायच्या, पोरांच्या हातात नाणं द्यायच्या. न्हाव्यानं स्वतःहून जागा दिली. दोन महिन्यांत बाराच्या बारा मशिनं उभी राहिली आणि ऑर्लीनची चाल बदलली, गुडघ्यासकट.

ऑगस्टमधला तो शनिवार. दुकान तुडुंब, पंखे गरम हवा फिरवतायत. शेरिस नावाची तरुण बाई कपडे ड्रायरमध्ये टाकत होती. तिची सहा वर्षांची इमानी बाकावर बसून गोळ्या खात होती. अचानक पोर म्हणाली, "मम्मा, घसा खाजतोय." मी वळून बघितलं तर तिचे ओठ सुजायला लागले होते. मानेवर लाल चट्टे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज.

"शेंगदाणा!" शेरिस किंचाळली. तिनं पिशवी जमिनीवर उपडी केली, ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन शोधलं आणि पोरीच्या मांडीत खुपसलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला तेव्हा माझ्या तोंडून दुकानाचा पत्ता निघेना. तीस वर्षांचा पत्ता! इमानी आईच्या मांडीवर पडून छताकडे बघत होती, तिची छाती वर जायची आणि खाली यायला फार वेळ घ्यायची. दुकानात ड्रायर तेवढे फिरत होते. गाडी आली, मायलेकींना घेऊन गेली.

मग सगळ्यांना वाचा फुटली. पर्नेलच्या मशीनखाली दोन-चार शेंगदाणे सांडलेले होते. लोकांना तेवढं पुरलं. नेमका तेव्हाच पर्नेल दारात.

"चालते व्हा इथून तुमचे शेंगदाणे घेऊन!"

"चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसता आणि इथे पोरांना मारता!"

पर्नेलनं टोपी काढली. एकदा त्या पिवळ्या मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यानं पहिलं मशीन ढकलत बाहेर गाडीकडे न्यायला सुरुवात केली.

ऑर्लीन आली ती मागच्या दारानं, गोळ्यांचं पोतं घेऊन. मी काय झालं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "कुठल्या मशीनच्या गोळ्या खात होती?" एवढंच विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत ती गुडघ्यांवर बसली होती. पेचकस काढला, गोळ्या पोत्यात ओतल्या, चकती उचलली. खाली तपकिरी, तेलकट थर. त्यात शेंगदाण्याचे तुकडे, काही नखाएवढे.

ते आम्ही दोघांनीच बघितलं. बाकीचे पर्नेलला शिव्या घालत दाराशी गोळा झाले होते.

"बंद कर ते," मी हलक्या आवाजात म्हणालो. "पर्नेल नेतोय त्याची मशिनं. सगळ्यांना पटलंय. कुणाला काही कळणार नाही."

हो, मी म्हणालो. दुकान माझं, कोपरा मी दिलेला, हसलो मी. मला कोर्ट दिसायला लागलं होतं, दाराला लागलेलं कुलूप दिसायला लागलं होतं. ती पोर जगेल की नाही हे माहीत नसताना मला माझं दुकान दिसत होतं.

ऑर्लीननं वर बघितलं. "पाटी अजून अकरा ठिकाणी लागलीय, मिस्टर मॅब्री. आत्ता कुणीतरी वाचत असेल."

ती उठली. गुडघ्यानं दगा दिला, मशीनला धरून पुन्हा उठली आणि चकती हातात घेऊन गर्दीतून थेट बाहेर गेली.

"ब्रदर पर्नेल!" तिचा आवाज शाळेच्या जेवणघरातला होता, तीनशे पोरांवर चालणारा. "थांबा. तुमच्या मशीनमुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं. तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नाही." तिनं चकती वर धरली. "मला तुमची गाडी हवीय. माझी सगळी मशिनं आत्ताच्या आत्ता उचलायचीत."

पर्नेलनं तिच्या हातातली चकती बघितली. गाडीत चढवलेलं स्वतःचं मशीन त्यानं उतरवून फुटपाथवर ठेवलं आणि म्हणाला, "बस गाडीत. आधी न्हाव्याकडे. शनिवारी तिथे पोरांची रांग असते."

न्हाव्याकडे एक मुलगा मूठ फिरवत होता. ऑर्लीननं धावत जाऊन त्याच्या ओंजळीवर फटका मारला, गोळ्या घरंगळत गेल्या. त्याची आई अंगावर धावून आली. ऑर्लीननं तिलाही खरं सांगितलं. टायरवाल्याकडे सांगितलं, चिकनवाल्याकडे सांगितलं. प्रत्येक ठिकाणी तेच. प्रत्येक ठिकाणी शिव्या खाल्ल्या. शेवटचं मशीन गाडीत चढल्यावर ती म्हणाली, "आता हॉस्पिटल." हे सगळं मला पर्नेलनं नंतर सांगितलं. मी दुकानातच होतो, फरशी पुसत.

इमानी वाचली. ऑर्लीननं शेरिसच्या समोर ती चकती ठेवली आणि सगळं सांगितलं. शेरिस म्हणाली, "मी पाटी वाचून नाणं दिलं होतं हो," आणि मग तिनं ऑर्लीनला खोलीबाहेर काढलं. धंदा त्याच दिवशी संपला. मशिनं भंगारात गेली. मी तिला काय सुचवलं होतं ते ऑर्लीननं कुणालाच सांगितलं नाही, पर्नेललाही नाही.

ऑक्टोबरमध्ये शेरिस पुन्हा आली, इमानीला घेऊन. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती चादरी बाहेर काढत म्हणाली, "मिस ऑर्लीनला मी माफ नाही केलं. करीन की नाही, देव जाणे. पण दर रविवारी फोन करून विचारते हो, पोर कशी आहे म्हणून." मग तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, घडी घालायला. "तुमचा मात्र मला राग नाही, मिस्टर मॅब्री. तुम्हाला बिचाऱ्यांना काय ठाऊक! ठाऊक असतं तर तुम्ही गप्प थोडेच बसला असतात?"

मी माझ्याकडचं टोक तिच्या टोकाला जुळवलं आणि म्हणालो, "नाही गं. गप्प कसा बसेन?"