अडॅप्टर आणि पहिला मग

निवृत्तीच्या आधीचं माझं पोस्टिंग पुण्यात होतं. इंजिनिअर कंपनी, हुद्दा हवालदार, काम पाण्याचं. कॅम्प लागला की पाणी कुठून आणायचं, कशात साठवायचं आणि माणसाच्या तोंडी जाईपर्यंत स्वच्छ कसं ठेवायचं, हे माझ्या सेक्शनकडे असे. बंदूकवाल्याचं कौतुक होतं. पाणीवाल्याला ‘आज पाण्याला वास येतोय’ एवढंच ऐकायला मिळतं.

हे आत्ता लिहायला बसलो, कारण मागच्या शनिवारी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक कॅम्पिंग ट्रेलर येऊन उभा राहिला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या अनिकेतचा. आयटीत आहे, मुलगा चांगला आहे. ट्रेलरमध्ये दोन पलंग, गॅस, छोटं बेसिन आणि पिण्याच्या पाण्याची टाकी. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको-मुलीला घेऊन कोकणात निघायचं होतं.

“काका, तुम्ही आर्मीत पाण्याचंच बघायचात ना? जरा हे बघता का?” असं म्हणून त्याने खिशातून पितळेचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. “ऑनलाइन मागवलाय. ट्रेलरला लावला की कुठलाही पाइप बसतो. शेतावर, धाब्यावर, कुठेही पाणी भरता येईल.”

तुकडा माझ्या हातातून खाली पडला. मी तिथल्या स्कूटरवर बसलो. अनिकेतला वाटलं, माझी शुगर कमी झाली. तो बिस्किटं आणायला धावला. तसाच तुकडा मी पूर्वी स्वतःच्या हाताने लेथवर कापला होता.

आमचा पाण्याचा ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची टाकी, गाडीमागे ओढायची. पाणी भरायचं तोंड मागच्या बाजूला. त्याचे आटे मुद्दाम वेगळे ठेवलेले. पिण्याच्या पाण्याचा पाइपच तेवढा त्यावर बसे, दुसरा कुठलाही बसत नसे. तोंडाला साखळीचं झाकण, झाकणाला आणि खालच्या नळांना कुलूप, किल्ली ड्युटीवाल्याकडे. ज्याने ही रचना केली तो शहाणा माणूस होता. मी त्याच्यापेक्षा शहाणा निघालो.

एका एक्सरसाइजला ठरलेला पाइप फाटला आणि कंपनी चार तास तहानेली राहिली. परत आल्यावर मी वर्कशॉपमध्ये अडॅप्टर बनवला. एका बाजूला आमचे आटे, दुसऱ्या बाजूला बाजारातल्या कुठल्याही पाइपला बसेल असं तोंड. कंपनी कमांडर साहेबांनी तो हातात फिरवून पाहिला. “शाबाश. अब पानी के लिए कोई नहीं रुकेगा.” त्या दिवशी मेसमध्ये माझी मान ताठ होती, हे कबूल करतो.

नाईक सुखदेव मेश्राम तेवढा हसला नाही. भंडारा जिल्ह्यातला, किडकिडीत, माझ्या सेक्शनमधला सगळ्यात जुना माणूस. म्हणाला, “उस्ताद, दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं तर कुत्रं बी येते न घरात.”

मी म्हटलं, “तू कुत्रं हाकलायला आहेस ना?”

तो “हो, आहो न,” म्हणाला आणि विषय संपला.

आमच्या कंपनीचा एक जुना रिवाज होता. टाकी भरली की पहिला मग ड्युटीवाल्याने प्यायचा, तोही ब्लीचिंग पावडर टाकण्याआधी. पावडर पडली की पाण्याचा स्वतःचा वास आणि चव लपते. मग पावडर, मग अर्धा तास थांबायचं, क्लोरीनची तपासणी, आणि त्यानंतरच नळ उघडायचे. रिवाज कुणी सुरू केला ते कुणालाच माहीत नव्हतं. पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता नदी वस्त्यांमध्ये शिरली आणि आम्हाला बोलावणं आलं. येरवड्याच्या बाजूला एका शाळेत तीनेकशे माणसं हलवली होती. ट्रेलर शाळेच्या आवारात उभा केला, ड्युटी मेश्रामची. मी नदीकाठच्या कंट्रोल पोस्टवर, रेडिओजवळ होतो.

सकाळी साडेनऊला टाकी रिकामी झाली. ठरलेला टँकर पाण्यात अडकला होता. अकरा वाजता दुसराच एक खासगी टँकर आला. कुणीतरी मदत म्हणून पाठवलेला. रेडिओवर मेश्राम आला.

“टँकर आला आहे. पाइप बसत नाही. ओव्हर.”

“अडॅप्टर लाव. ओव्हर.”

“टँकर ओळखीचा नाही. परत पाठवू का? ओव्हर.”

“लोक दीड तास थांबलेत. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. अडॅप्टर लाव. ओव्हर.”

“रॉजर.”

अकरा चाळीसला तो पुन्हा आला. “टाकी भरली. पहिला मग घेतला. वास नाही. थोडं खारट लागते. ओव्हर.”

“बोअरचं असेल. पावडर टाक. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

त्याचा आवाज मी शेवटचा ऐकला तो तेव्हाच. पुढचं मला शाळेत त्याच्याबरोबर असलेल्या रेडिओ ऑपरेटरने सांगितलं. रांगेत बागवान चाचा पुढे होते. त्यांचं फळांचं दुकान पाण्यात गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. बादली आपटून ते म्हणाले, “फौजीसाब, पानी दिखाने को लाए क्या? पिलाते कब?” मेश्रामने घड्याळ दाखवलं. “बारा वाजून दहा मिनिटं, चाचा. एक मिनिट आधी नाही.” एक बाई तान्ह्या मुलासाठी अर्धीच बाटली मागत होती. तिलाही त्याने नाहीच म्हटलं. लोक चिडले. कुणी नळाला हात घातला तर त्याने तो बाजूला केला.

बारा वाजता रेडिओवर ऑपरेटरचा आवाज आला. “मेश्राम गिर गया. होंठ नीले हैं.”

“नल बंद रखो. किसी को पानी नहीं,” एवढं बोलून मी जीपकडे पळालो. सहा मिनिटांत पोचलो. तो ट्रेलरच्या चाकाला टेकून पडला होता. ओठ शाईत बुडवल्यासारखे निळे, नखं निळी. डोळे उघडे होते. मला ओळखलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. उजवी मूठ त्याने आवळली होती. तिच्यात नळांच्या कुलपाची किल्ली होती, ती आम्हाला बोट बोट सोडवून काढावी लागली.

तीनशे माणसं रिकाम्या बादल्या घेऊन समोर उभी होती. मी ट्रेलरच्या मागे गेलो. माझा अडॅप्टर बसवलेला होता, चकचकीत, एक थेंबही गळत नव्हता. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये नेताना एक वाजून दहा मिनिटांनी तो गेला. टँकर आदल्या दिवशी कारखान्यात होता. मशिनं थंड ठेवायच्या पाण्यात टाकायचं रसायन त्यातून वाहून नेलं होतं, आणि टाकी न धुताच तो पुण्यकर्माला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, ते रक्तात शिरलं की माणूस श्वास घेत राहतो, पण रक्त हवा उचलत नाही. त्या बाईच्या बाळाला दोन घोट पुरले असते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. अडॅप्टरला चिठ्ठी बांधून तो टेबलावर ठेवला होता. दोष टँकरवाल्यावर गेला. माझ्याबद्दल लिहिलं, ‘निर्णय परिस्थितीनुसार योग्य’. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. त्या एका ओळीचा धक्का अजून उतरलेला नाही.

मेश्रामची बायको आली होती. तिने एकच विचारलं. “त्याले लय तहान लागली होती का?”

“नाही. त्याची ड्युटी होती,” मी म्हणालो. तिने मान हलवली. अडॅप्टर लावायचा हुकूम माझा होता, हे तिला तेव्हा सांगायचं धैर्य मला झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या गावी जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

अनिकेत बिस्किटं घेऊन आला तेव्हा मी ट्रेलरखाली शिरलो होतो. पिण्याच्या पाण्याचं तोंड आणि सांडपाण्याची नळी यांच्यात वीतभर अंतर होतं. तोंडावर प्लॅस्टिकची टोपी, बोटाने निघणारी. ज्याने हे बनवलं त्याने बहुधा स्वतः कधी त्यातलं पाणी प्यायलं नसावं.

“काका, फक्त अडॅप्टर बसवायचा होता,” तो म्हणाला.

“तो बसणार नाही,” मी म्हणालो. “उद्याच्या ऐवजी परवा जा.”

रविवारचा अख्खा दिवस लागला. तोंड वर, सांडपाण्यापासून लांब घेतलं. आटे वेगळे केले. त्यावर एकच पाइप बसेल, तो निळा, आणि तो पिण्याच्या पाण्यापलीकडे कशालाही वापरायचा नाही. काम झालं की त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवायची, म्हणजे आत किडा-मुंगी जात नाही. पाणी उलटं फिरू नये म्हणून झडप लावली. पितळेचं झाकण, साखळी, कुलूप; नळालाही तसंच कुलूप. अनिकेत म्हणाला, “काका, हे जरा जास्तच होतंय, नाही?” दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला काय सांगणार. अडॅप्टर मी व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने मधोमध कापला. त्याचे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.

संध्याकाळी टाकी भरली. मी घरून माझा जुना ॲल्युमिनियमचा मग आणला, काठोकाठ भरला आणि उभ्यानेच प्यायलो. मग ट्रेलरच्या चाकाशी बसलो आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

अनिकेतची बायको बाटल्या घेऊन खाली आली होती. “काका, भरू का?”

“अर्धा तास थांब.”

“अहो, पण पाणी तर आपल्याच सोसायटीचं आहे. अर्धा तास कशासाठी?”

“मेश्रामला वीस मिनिटं लागली होती,” मी म्हणालो.

मेश्राम कोण, ते तिने विचारलं. मी सांगितलं. सांगून झालं तेव्हा अर्धा तास कधीच उलटला होता, बाटल्या तिच्या हातात तशाच होत्या. मी नळाचं कुलूप काढून किल्ली तिला दिली.