खदानीतला गाळ

मी संशयी माणूस आहे हे आमच्या घरात जाहीर आहे. बायकोनं दूध तापवायला ठेवण्याआधी मी पातेल्याचा वास घेतो. आंबा घेताना देठापाशी नाक नेतो. गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक अक्षर चष्मा कपाळावर चढवून वाचतो, आणि काही कळलं नाही तरी मान हलवतो. लग्नकार्यात चार पाहुणे जमले की माझ्या संशयाचे किस्से निघतात आणि ते सांगायलाही मलाच बसवतात. हा त्यातलाच एक आहे, फक्त हा सांगताना मी मधेच आणखी एक चहा मागत नाही.

आमचं गाव बेंबळीच्या बाजाराला जाणारं. चौपदरी रस्त्याचं काम निघालं तेव्हा आमच्या शेताच्या वरच्या अंगाचा माळ खडीसाठी फोडला. चार वर्षं क्रशर चालला. तुरीच्या पानांवर पांढरी भुकटी, घरात भुकटी, भाकरीत कच. मग एक दिवस सगळं सामान ट्रकवर चढलं आणि मागं राहिली खदान, दोन पुरुष खोल. पावसाळ्यात ती भरली. आमच्या भागात पाणी दिसलं की माणूस आधी हात जोडतो आणि मग विचार करतो. आम्ही तर विचारही केला नाही. वहिनीनं मोटर बसवली, पाइप ओढला आणि दहा गुंठ्यांत पालेभाजी लावली. पालक, शेपू, मेथी, चुका.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून तिचं सगळं त्या दहा गुंठ्यांवर चालतं. आणि तिच्या पालकाला बाजारात नाव होतं. पानं अशी की हातात घेतली की करकर वाजायची.

क्रशर गेल्यावर वर्षभरानं माळावरच्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस आला. जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतलं शिसं वितळवून विटा पाडायचा. स्वभावानं गरीब, बोलायला गोड. गावात त्याला भट्टीवाला म्हणत. त्याच्यावर माझा संशय बसला तो धुरामुळं नव्हे. धुराची आम्हाला सवय होती. तो वहिनीची भाजी घेत नव्हता, म्हणून.

वहिनी शेजारधर्म म्हणून एकदा त्याला जुडी द्यायला गेली, फुकट. तो म्हणाला, "नको मावशी, आमच्यात पालेभाजी कोणी खात न्हाय." मी बांधावरून ऐकत होतो. पुढच्याच आठवड्यात मी त्याला बेंबळीच्या बाजारात दुधी, दोडका, गवार निवडताना पाहिलं. शिवाय प्यायला तो जारचं पाणी मागवायचा. खदान पायाशी आणि पाणी जारचं! मी घरी येऊन जाहीर केलं, "त्या माणसाला काहीतरी माहीत आहे."

बायको म्हणाली, "त्याला एवढंच म्हाईत असंल की शेजारी तुमी ऱ्हाता."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमाराला पुतणी, म्हणजे वहिनीची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. अंगात रक्त कमी, पालेभाजी खाऊ घाला असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वहिनीला काय, स्वतःचंच रान. रोज दुपारी पालकाची पातळ भाजी, दाणे घालून, लसणाची फोडणी देऊन. पुतणी वाटी वाटी प्यायची. मी ती वाटी बघायचो आणि वर माळावरचा धूर बघायचो. शिशाबद्दल मी वर्तमानपत्रात काहीबाही वाचलं होतं. ते अंगात साठतं, आणि पोटातल्या बाळाला त्याचा त्रास जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. माझ्यासारख्या वास घेणाऱ्या माणसाला याहून मोठा शत्रू कोण?

मी भट्टीवाल्याकडं चौकशीला गेलो. मोबाइलला रेंज मिळत नाही म्हणून वर आलोय, असं सोंग घेऊन.

"या काका. तीन दिवस झाले बांधावरनं बघताय, म्हटलं आज येतील वर," तो म्हणाला.

मी खोकलो. "ह्या बॅटऱ्या धुता कुठं?"

"धुवायचं काय त्यात?"

"न्हाय, आतलं पाणी सांडतं कुठं?"

"सांडतंय की हितंच. जमीन पितीय." त्यानं खदानीकडं बोट केलं. "पाण्याचं म्हणाल तर मासं हायती त्यात. मासं जगत्यात न्हवं?"

मासे होते, हे खरं. पण शेडपासून खदानीच्या काठापर्यंत उतारावर एक काळी वाट उतरली होती आणि तिथं गवत नव्हतं. मी तिकडं बघतोय हे त्यानं पाहिलं आणि मला चहा दिला. तो चहा मी कसा संपवला ते माझं मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन, खदानीचं पाणी भरून, एसटी पकडून मी एका कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. खरं तर दोन बाटल्या नेल्या. दोन्हींत तेच पाणी. एकीवर लिहिलं 'खदान', दुसरीवर 'घरचा बोअर'. प्रयोगशाळेचीही परीक्षा झाली पाहिजे ना! आठ दिवसांनी तिथल्या बाईंनी दोन कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "तुमच्या बोअरला आणि खदानीला एकच झरा दिसतो. आकडे अगदी जुळे आहेत." मी शरमेनं खाली बघितलं. त्या पुढं म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे. शिसं जवळजवळ नाहीच."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी नाराज झालो, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. कारण बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आपल्याकडच्या पाण्यात शिसं फारसं विरघळून राहत नाही," त्या म्हणाल्या. "तळाला बसतं. वरचं पाणी नितळ, आणि जे काय असतं ते खाली गाळात. म्हणून विचारते, त्या खदानीतला गाळ कुणी काढून शेतात टाकला नाही ना?"

मी म्हणालो, "न्हाय बहुतेक."

त्या टेबलापुढं बसून मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट खोटं बोललो. कारण गाळ टाकला होता, आणि तो मीच टाकला होता.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, भट्टी सुरू होऊन वर्ष झालं होतं तेव्हा, खदान आटली होती. तळाला लोण्यासारखा काळाभोर गाळ. आमच्याकडं तलाव आटला की गाळ काढून रानात टाकायची रीत आहे. त्यानं हलकी जमीन सुधारते, आणि माळरानाला तो खताहून बरा. मला वाटलं, तलाव काय आणि खदान काय! मीच जेसीबी बोलावला, मीच चार घरं फिरून लोकांना तयार केलं. पहिल्या ट्रॉलीला हार घातला, नारळ फोडला, फेटा बांधून तिच्यावर उभं राहून फोटो काढून घेतला. आणि वहिनीचा पालक मला फार आवडतो म्हणून पहिल्या तीन ट्रॉल्या मानानं तिच्या दहा गुंठ्यांत. जगातल्या प्रत्येक वस्तूचा वास घेणारा मी, त्या गाळाचा मात्र एकदाही घेतला नाही. फुकटच्या काळ्या मातीवर आमच्याकडं कुणी संशय घेत नाही.

मी दारातून परत फिरलो आणि बाईंना खरं सांगितलं. त्यांनी एवढंच सांगितलं: "माती आणा. पानंही आणा. आणि अहवाल येईपर्यंत ती भाजी कुणाला देऊ नका."

हे घरी सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. पण मी ठरवलं, आधी अहवाल येऊ दे, उगाच कशाला घाबरवायचं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण फेट्यातला फोटो होता.

मग पुढचे पाच दिवस मी रोज दुपारी वहिनीकडं जेवायला हजर. पुतणी पाटावर बसायच्या आत पातेलं पुढं ओढायचो आणि सगळी पातळ भाजी ओरपायचो. पहिल्या दिवशी वहिनी खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिनं जास्त केली, मी तीही संपवली. पोट नगाऱ्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पुतणी रडवेली झाली, "काका, मला एक वाटी तरी ठेवा की!"

"पालकानं खडा होतो पोटात," मी म्हणालो.

"मग तुमी का खाताय?"

वहिनी माझ्याकडं बघत होती. आदल्या सकाळी तिनं मला तिच्या वाफ्यात उकिडवं बसून खुरप्यानं माती पिशवीत भरताना पाहिलं होतं. शेजारणीनं तिच्या डोक्यात करणीबिरणीचं भरवलं होतं. वहिनीचा त्यावर विश्वास नव्हता, पण माझ्यावरचाही उडायला लागला होता. चौथ्या दिवशी बेंबळीचा बाजार होता. ती पहाटे उठून जुड्या बांधत होती. मी तिच्या दारात गेलो, ओट्यावर बसलो, आणि पावसाबद्दल बोलून परत आलो.

पाचव्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन आला. एसटीनं पाठवलेल्या मातीत शिसं होतं, बरंच. पालकाच्या पानांतही.

वहिनी दाणे निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भट्टी, गाळ, बाई, अहवाल. ती दाणे निवडत राहिली. सगळं संपल्यावर तिनं विचारलं,

"भावजी, गाळाचं तुमाला कवा कळलं?"

"सोमवारी."

"आन बाजार शुक्रवारी झाला."

मी खाली बसलो.

"साठ जुड्या इकल्या म्या," ती म्हणाली. "लेकुरवाळ्या बाया घेत्यात माझ्याकडनं. तुमी हितं ओट्यावर बसून ढगाचं बोलत हुता."

मला वाटलं होतं ती गाळावरून भांडेल. गाळाचं तिनं एका शब्दानंही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला बाहेरगावी जाणार होतं, वेळ लागणार होता. वहिनीनं घरी आल्यावर पदर खोचला आणि दहा गुंठ्यांतला सगळा पाला उपटला. जनावरालाही घातला नाही. खड्ड्यात टाकला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुमी भट्टीवाल्याकडं जावा. त्याला इचारा."

मी गेलो. शेडला कुलूप होतं. मोबाइल लावला तर त्यानं उचलला.

"तुम्हाला माहीत होतं," मी ओरडलो. "म्हणून आमची भाजी खात नव्हता!"

"काका, मला मुतखडा हाय," तो म्हणाला. "डॉक्टरनं पालेभाजी बंद केलीय चार सालापासनं. पायजे तर कागद दावतो."

"आणि जारचं पाणी?"

"त्येबी त्याच्यासाठीच. आन शिशाचं म्हणाल तर क्रशरवाल्यांनी जाताना डंपरच्या किती बॅटऱ्या त्या खड्ड्यात लोटल्या, ते इचारा की त्यांना. मलाच कशाला धरताय?"

खरं काय, मला आजही माहीत नाही. उतारावरची ती काळी वाट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पण ज्या पुराव्यावर मी त्याला पकडलं होतं, तो त्याचा मुतखडा निघाला. तक्रार अर्ज दिलाय, दोन ठिकाणी. पोच घेतलीय, आणि पोचेवरचा शिक्का खरा आहे का हेही पाहिलंय.

पुढच्या शुक्रवारी वहिनी बाजाराला निघाली. भाजी नव्हती, रिकामं पोतं तेवढं. म्हणाली, "चला. तुमी बी बसायचं." तिच्या नेहमीच्या जागेवर पोतं अंथरून आम्ही बसलो. गिऱ्हाईक यायचं, वाकायचं, आणि वहिनी सांगायची: मागली जुडी घरात असंल तर टाकून दे, आन लेकरू लहान असंल तर डॉक्टरला दाव. बायकांचा विश्वास बसेना. एक म्हणाली, "माल न्हाय म्हणून काय बी सांगती." दुसरीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन हे कोन?"

"ह्यांनी गाळ आणला," वहिनी म्हणाली.

दिवसभर माझी ओळख तीच होती.

ज्या चार घरांना मी तयार केलं होतं, तिथंही गेलो. तिघांनी ऐकून घेतलं. चौथा म्हणाला, "टाका म्हणून तुमीच सांगत आला, आता खाऊ नगा म्हणूनबी तुमीच. ह्यात तुमचा काय डाव हाय ते आधी सांगा." मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. त्याच्या रानात सध्या सोयाबीन आहे. तो ते विकणार आहे.

पुतणीच्या रक्ताचा अहवाल माझ्या मोबाइलवर आला, कारण दवाखान्यात नंबर माझा दिला होता. डॉक्टरांना फोन लावला. आकडा थोडा वर आहे, घाबरण्यासारखा नाही, भाजी बंद झाली तर उतरेल, असं ते म्हणाले. मी धावत वहिनीच्या ओट्यावर गेलो आणि सांगितलं. ती भाकरी थापत होती. पुतणी भिंतीला टेकून बसलेली.

"फोन लावा परत," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी आत्ताच बोललो त्यांच्याशी."

"तुमी बोलला. म्या न्हाय."

मी लावला. तिनं पिठाच्या हातानंच मोबाइल कानाला धरला, सगळं पहिल्यापासून विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन पोटातल्याचं, डॉक्टर?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ व्हय, व्हय म्हणत राहिली. मग मोबाइल पदराला पुसून माझ्या हातात दिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बाळ झाल्यावर बघू म्हणले." तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "तवर तुमी हितं जेवाय येऊ नगा, भावजी. आन काय कळलं तर त्याच दिवशी या. रातीचे बारा वाजले तरी या."

पुतणीला आता नववा लागलाय. मी मोबाइल उशाशी घेऊन झोपतो.