वाजता फोन उचलणारा गजानन

शिळफाट्याच्या बाजारानं गजाननला फसवलं. गजाननने बाजारातल्या कुणालाही फसवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे आजही ही गोष्ट उलटी सांगतात.

गजानन रेडिओ दुरुस्त करायचा. बुटका, सावळा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. मी गवताचा व्यापारी. डोक्यावर भारे वाहून स्वतःच्या टेंपोपर्यंत पोचलो होतो, त्यामुळे समोरच्यानं सांगितलेला भाव मुकाट्यानं ऐकायची सवय मला नाही. पहिल्यांदा रेडिओ घेऊन गेलो तेव्हा तो उघडण्याआधीच मी घासाघीस सुरू केली. तो म्हणाला, "शेठ, आधी बघू तर द्या. कदाचित कायच झालं नसंल. मग तुमी भांडणार कशावर?" खरंच, नुसती एक तार सुटली होती. ती जोडून त्यानं रेडिओ माझ्या हातात दिला आणि काही घेतलं नाही. मला रागच आला. भांडायच्या तयारीनं गेलेल्या माणसाला असं परत पाठवू नये.

पुढे हमरस्त्यालगतच्या एका कारखान्याला मालकानं टाळं लावलं. कामगार घरी बसले, पण ऑफिसचा फोन कापायचं कुणाला सुचलं नाही. त्याची तार गजाननच्या दुकानावरून जायची. एक जुना लाईनमन आणि कारखान्याचा पगार थकलेला वॉचमन, या दोघांच्या मदतीनं गजाननने त्या तारेला फोनचं एक मोडकं यंत्र दुरुस्त करून जोडलं. "कंपनी बंद पडली, पर तार जिती हाय. जित्या तारेला गप कशाला ठेवायची?"

दुकानापुढे माणसं थांबू लागली. कामगार सुरतेला, पुण्याला फोन करून काम विचारत. वरच्या ठाकरवाडीची सखूबाई माथेरानच्या हॉटेलात काम करणाऱ्या नवऱ्याशी बोलायला डोंगर उतरून यायची. मी मुंबईच्या तबेल्यांत गवताचा भाव विचारायचो. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष बापूशेठ यांच्या घरी स्वतःचा फोन होता. पण लेक पुण्याला बाळंतपणात अडली तेव्हा नेमका तो बंद पडला, आणि बापूशेठ अनवाणी गजाननच्या दुकानात आले. नातू झाल्याची बातमी त्यांनी तिथंच ऐकली. गजाननने कुणाकडूनही चहासुद्धा घेतला नाही.

त्याची एक खोड होती. घंटी वाजली की हातातलं काम टाकून तो धावायचा. "वाजतंय म्हंजे तिकडं कुणीतरी कान लावून बसलंय," म्हणायचा. एका दुपारी मी तिथं असताना फोन वाजला.

"बोला, शिळफाटा. कुणाला बोलावू?" मग थोडं थांबून, अगदी अदबीनं, "नाय साहेब, कंपनी कवाच बंद झाली. मालक मुंबईला असतो. काय निरोप हाय का?"

रिसीव्हर ठेवून तो हसला. "मालकच व्हता रं! टाळं लावलेलं ऑफिस बोलतंय कसं, इचारत व्हता."

"अरे गाढवा, उचललास कशाला?"

"मला काय ठावं? सखूबाईचा नवरा असता म्हंजे?"

चौथ्या दिवशी पोलिसांची जीप आली. तिघांना पकडल्यावर बाजार जीपला आडवा गेला. कामगार घोषणा देत होते, बाया मालकाचा उद्धार करत होत्या. मग एक शिपाई सहज म्हणाला, "कुठंकुठं फोन गेले त्याची यादी येनार हाय. एकेकाला बोलवू." गर्दी अशी विरली की जीपला भोंगासुद्धा वाजवावा लागला नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऐकलं, "मला आधीपासूनच संशय व्हता." दुसरा म्हणाला, "येवढं डोकं हाय, तर चोऱ्या कशाला करायच्या?" या दुसऱ्याला सुरतेची नोकरी त्याच फोननं मिळाली होती.

खालापूरच्या वकिलानं सांगितलं, गजाननने कुणाकडून काही घेतलं नाही असं दहा माणसांनी लिहून दिलं तर शिक्षा टळेल. पहिली सही मी ठोकली आणि कागद घेऊन दारोदार फिरलो. आयुष्यात कधी उतरलो नव्हतो तसा उतरत गेलो. दहा नाही तर पाच, पाच नाही तर तीन. सखूबाईनं अंगठा दिला. "लिव्हा, मी बोलली त्या फोनवर. काय करतील? अंगठा तोडतील?"

आमची दोन नावं. बाकी कागद कोरा.

बापूशेठ म्हणाले, "मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे." ज्या यंत्रावर त्यांनी नातवाची बातमी ऐकली, त्याच यंत्राच्या जप्तीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून पहिली सही त्यांची होती, हे मला कोर्टात कळलं.

लाईनमन आणि वॉचमन दंडावर सुटले. गजाननला काही महिन्यांची कैद झाली. परत आल्यावर त्याच्याकडे कुणी रेडिओ टाकेना. दुकानात शिरताना कुणी बघेल ही भीती. त्यानं सामान बांधलं तेव्हा मी ओरडलो, "तुला टाळणाऱ्यांची नावं सांग, एकेकाला बघतो!"

"भ्यालीत रं ती," तो म्हणाला. "भ्यालेल्या मान्सावर काय वरडायचं?"

तो गुजरातेत गेला आणि तिकडेच वारला. बातमी आली तेव्हा मंडळाच्या सभेत बापूशेठ म्हणाले, "असा कारागीर पुन्हा होणार नाही." मी उठलो, तर लोकांनी मला खाली बसवलं.

म्हणून इथं विचारतो. बापूशेठ, यादी कधी आलीच नाही. पोलिसांनी तुम्हाला एक शब्द विचारला नाही. तुम्ही भ्याला होतात, एवढं चारचौघांत म्हणा, मी गप्प बसेन. भ्यालेल्यांना तो माफ करून गेलाय. भ्याला नव्हतात, तर माझ्या कागदावर सही का केली नाहीत, याचं उत्तर द्या.