कवळीवाल्याचा मुका पियानो

कवळ्या करणारा एक माणूस होता. होता म्हणजे अजून आहे, चांगला धडधाकट आहे, पण पियानो घेतल्यापासून घरचे त्याच्याबद्दल असंच बोलतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे आणि हा बाकावर बसून त्यावर दात जडवायचा. हात मोठा कसबी. नवी कवळी जुनी दिसली पाहिजे, ही त्याची खुबी. पांढरेशुभ्र दात लावले की सगळं गाव ओळखतं, म्हणून हा एखादा दात जरा पिवळट करायचा, एखादा तिरका बसवायचा. आणि कवळी मनासारखी नाही बसली, की मोडून परत पहिल्या ठशापासून सुरू. डागडुजी त्याला मंजूर नाही.

आता असल्या माणसाने पियानो घेतला तर कसला घेणार? नवाकोरा, पण आजोबांच्या काळातला दिसणारा. वर लाल गोलसर झाकण, दोन्ही कडांना लाकूड, जुन्या रेडिओला असायची तसली फिरवायची बटणं आणि एक मिणमिणता पिवळा दिवा. आत सगळा कॉम्प्युटर. दुकानदार म्हणाला, "दिसायला जुना आहे, काम सगळं डिजिटल." आमच्या कवळीवाल्याला पुढचं काही ऐकायची गरजच वाटली नाही. तिथंच चूक झाली.

घरी जेवायचं टेबल भिंतीला चिकटवलं, म्हणजे चौघांचं टेबल दोघांचं झालं, आणि त्या जागी महाराज विराजमान झाले. बायको समोर बसली, लेक बसली. याने बाह्या सरसावल्या, दिवा लावला आणि एक पट्टी दाबली.

टक.

दुसरी दाबली. टक.

"छान आहे," बायको म्हणाली. "सुपारी फोडायला बरा पडेल."

हा धावत दुकानात. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा स्टेजचा पियानो. याला आत स्पीकर नसतो. तो स्टेजवर असतो."

घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा बायकोने सगळ्या खोल्या शांतपणे फिरून पाहिल्या. "नाही हो," म्हणाली, "स्टेज कुठं दिसत नाही आपल्याकडे."

मग त्याने कानाला लावायचा हेडफोन आणला. आणि काय सांगू, पहिल्याच सुरात माणूस विरघळला. पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यावर हळूच चमचा मारावा तसा तो आवाज, पण मऊ, दुलईत गुंडाळलेला. एक बटण फिरवलं की तोच सूर या कानातून त्या कानात झोके घेत जायचा. दिवसभर लोकांचे जबडे बघणाऱ्याला आणखी काय हवं? स्पीकर आणायचं नावच त्याने काढलं नाही. चुकलं तरी ऐकायला कोण आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुस्तकात बघून एक धून तेवढी शिकायला घेतली. रोज संध्याकाळी कामावरून आला की डोळे मिटून डोलत बसायचा. त्याच्या कानात स्वर्ग आणि घरच्यांच्या कानात टक, टक, टकटक. दोन वर्षं.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. या मावशींनी उभा जन्म तार ऑफिसात काढला होता. कट्ट कडकट्ट ऐकून लोकांची लग्नं, मरणं, बदल्या कागदावर उतरवायच्या. वय झालं, पण कान ससाण्याचे. म्हणजे ससाण्याचे डोळे असतात, ते यांच्या कानात बसवलेले.

"वर काय कांडता रोज?" त्यांनी विचारलं.

"पियानो वाजवतात हे," बायको म्हणाली. "आवाज तेवढा नाही त्याला."

"माझ्या छतातून येतो की."

झालं. बायकोला एवढंच पाहिजे होतं. तिचा भाऊ जुन्या वस्तूंचा धंदा करायचा आणि मागच्याच महिन्यात फीत लावून पियानोची लांबीरुंदी मोजून गेला होता, अगदी प्रेमाने. "शेजाऱ्यांना त्रास देऊन कसली हौस," ती म्हणाली. "रविवारी दुपारी भाऊ येऊन घेऊन जाईल."

कवळीवाल्याने पियानोखाली गादी घातली. रबराचे तुकडे लावले. शनिवारी खाली जाऊन तोंड पाडून म्हणाला, "मावशी, उद्या पियानो नेणार आहेत. आता तर येत नाही ना आवाज?"

"येतो की. आवाजाचं मला काही नाही रे," मावशी म्हणाल्या. "तू मधेच थांबतोस त्याचा त्रास आहे. सरळ जातोस, जातोस, मग एका जागी अडखळतोस आणि परत पहिल्यापासून. दोन वर्षं मला अर्धीच तार येतेय. पुढं काय आहे?"

पुढचं पुस्तकात छापलेलं होतं, पण तिथवर हा कधी पोचलाच नव्हता. चुकलं की मोडायचं आणि ठशापासून सुरू. कवळीची सवय.

"पूर्ण ऐकव," मावशी म्हणाल्या. "तुझ्या बायकोशी मी बोलते. नाही ऐकवलंस तर जाऊ दे तो डबा."

रविवारी मावशी वेळेआधीच हजर. हेडफोन एकच, तो त्यांनी आपल्या कानांवर चढवला. म्हणजे वाजवणारा हा आणि ऐकणार त्या. याला आज पहिल्यांदा ऐकू आलं ते घरचे दोन वर्षं ऐकत होते तेच. टक, टक, टकटक. बिचाऱ्याला आपल्या घरच्यांची दया आली.

बायको हाताची घडी घालून दारात उभी. नवऱ्याकडे बघत नव्हती, मावशींच्या तोंडाकडे बघत होती. मावशींची मान हलायला लागली, तशी हिची घडी जरा सुटली. मावशींनी डोळे मिटले, तशी ही दोन पावलं पुढं आली.

आणि नेमक्या त्या जागी याचं बोट घसरलं. हात सवयीने मागे निघाला, पहिल्या पट्टीकडे. मावशींनी मनगट धरलं.

"मागे नाही," म्हणाल्या. "तारेत चूक झाली की आम्ही आठ टिंबं ठोकायचो, म्हणजे 'चुकलं', आणि पुढं जायचो. सगळी तार परत पाठवली असती तर लग्नाची तार बारशाला पोचली असती."

कपाळावर घाम, बोटं काष्ठवत. पण गेला पुढं. एकदा चुकला, दोनदा चुकला, रडतखडत शेवटाला पोचला आणि मांडीवर हात ठेवून बसला.

"झालं?" बायकोने विचारलं. तिला काय कळणार?

मावशींनी हेडफोन काढला. "शेवट अगदीच भिकार वाजवलास," म्हणाल्या. "पण आला बाबा एकदाचा."

बायकोने त्यांच्या हातून हेडफोन घेतला, केस मागे सारून कानांवर बसवला आणि खुर्ची ओढून बसली. "वाजवा."

"पहिल्यापासून?"

"त्यांनी डोळे कुठं मिटले होते, तिथून."

इतक्यात दाराची बेल वाजली. भाऊ आला होता, दोन माणसं आणि दोर घेऊन. हिला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता, आणि ज्याला ऐकू गेली त्याने ऐकली नाही असं दाखवलं. शेवटी मावशीच गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दार उघडलं.

"ताई कुठं आहे?" त्याने विचारलं.

"आहे कामात," मावशी म्हणाल्या. "दोर घेऊन जा आता. आणि परत यायचं असेल तर रिकाम्या हाताने ये, पाहुण्यासारखा."