मांडीवरची पांढरी जागा

मार्च १९८३, दुसरा सोमवार. भंडाऱ्यातला एक फोटो स्टुडिओ. ठरलेली रक्कम पंचवीस रुपये, पैकी दहा आगाऊ. हजर तिघे – मी, माझी माय आणि स्टुडिओचे मनोहरभाऊ.

मी लाखांदूरच्या एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जातो, आजही जातो. पण ही एक बेरीज अजून लागलेली नाही, म्हणून लिहितोय.

माझी बायको सुमन जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी स्वयंपाक, दिवसभर मिल, संध्याकाळी पोराचा अभ्यास... मी थकलो होतो. वर्षश्राद्धाला तिचा फोटो हवा होता, आणि फोटो एकच – मेव्हण्याच्या लग्नातला. मांडीवर आठ महिन्यांचा आमचा दिलीप, आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय, जरा दचकल्यासारखी. आमच्याकडे हार घालायच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. दिलीप तर सहा वर्षांचा झालेला. 'आईचा फोटो कधी लावता?' म्हणून रोज विचारायचा.

"जित्या लेकरावर हार नको पडू दे बाप्पा," माय म्हणाली. "त्याले काढून टाक."

"मावशी, माणूस जोडाचे पैसे कमी, काढाचे जास्त," मनोहरभाऊ हसले.

"मंग तू वकीलच काहून नाही झाला?"

त्यांनी कामाची रीत सांगितली. फोटोचा फोटो काढून नवी निगेटिव्ह करायची, तिच्यावर बारीक ब्रशने लाल रंग लावून मूल झाकायचं. रंगातून उजेड जात नाही, म्हणून कागदावर तेवढी जागा पांढरी येते. तिथे मग हाताने लुगड्याच्या चुण्या काढायच्या.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवशी श्राद्ध होतं. मनोहरभाऊंनी फोटो पुढे ठेवला. फोटोतून दिलीप गेला होता, चुण्या झकास जमल्या होत्या. पण सुमनची नजर खाली होती... बरोबर त्या चुण्यांवर.

"डोळे काहून बदलले?" मी विचारलं.

"डोळ्याले मी हातच नाही लावला, मुनीमजी. ब्रश मांडीच्या वर गेलाच नाही. तुम्ही आत या, तुमच्यासमोर करतो."

अंधाऱ्या खोलीत मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी निगेटिव्हवरचा रंग धुतला आणि छापलं. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कागदावर सुमन हळूहळू उमटली – मांडीवर दिलीप, नजर समोर. मग त्याच निगेटिव्हवर पुन्हा रंग भरला, वाळू दिला, छापलं. मांडी पांढरी... आणि नजर खाली.

"बस झालं," मनोहरभाऊ म्हणाले. त्यांनी रंग पुन्हा धुऊन टाकला.

बाहेर मायने दोन्ही ओले फोटो बराच वेळ पाहिले. ती सुमनशी कधी फार गोड बोललेली नव्हती.

"लेकराले पाहून राहिली रे ते," ती म्हणाली. "आपण तिच्या मांडीवरून उचललं."

"मग उद्या काय लावायचं?"

"पुरा फोटो लाव. हार नको घालू. सुमन काही रागावत नाही."

तोच फोटो आज भिंतीवर आहे. हार का नाही, असं पाहुणे विचारतात. दिलीप बोट दाखवून सांगतो, 'तो मी आहो नं.'

ओल्या कागदामुळे भास झाला असेल, माझे डोळे थकले असतील – सगळं धरून पाहिलं. पण तिघांना एकच भास?

झाकलेले फोटो मनोहरभाऊंनी ठेवून घेतले, त्यांचे पैसे घेतले नाहीत. आगाऊ दिलेल्या दहा रुपयांत त्यांनी पुरा फोटो फ्रेम करून दिला. बसस्टँडजवळच्या फुलवाल्याकडे सकाळीच हार सांगून ठेवला होता. त्याचे तीन रुपये त्याला दिले, आणि हार तिथेच सोडून लाखांदूरची एसटी धरली.